आक्कांनी दिलेली जागा

आधी एस्तेरआक्कांचं नाव लिहिते, बाकीचं मागून. सातवीनंतर माझी शाळा सुटली ती सुटलीच, त्यामुळे लिहिताना हात अडखळतो. मध्येच थांबले आणि पुढचं लिहवलं नाही, तर निदान हे नाव तरी कागदावर असावं. एस्तेरआक्का आमच्या चर्चच्या मागच्या बोळात, चिंचेच्या झाडाखालच्या दोन खोल्यांत राहतात. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. बोलणं इथल्या जुन्या बायकांसारखं, "मी आलो, मी जेवलो" असं पुरुषाच्या थाटातलं. आवाज असा, की प्रार्थनेला डोळे मिटले तरी त्या कुठे बसल्यात ते कळावं. माझं त्यांच्याशी रक्ताचं नातं नाही. मी जालन्याकडची. इथे माझं कुणीच नव्हतं.

मार्च लागला की कोल्हापूरचा वास बदलतो. उसाचा हंगाम संपत आलेला असतो. शेवटच्या ट्रॅक्टरवरून पडलेली कांडकी चाकाखाली चेंगरून रस्त्यावरच वाळतात, आणि त्यांचा आंबूस, गोड वास दुपारच्या उन्हात नाकात बसून राहतो. मी मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला आहे. या दिवसांत मुली जेवायला येतात त्या पुस्तक घेऊनच. भाकरी कुठली आणि पान कुठलं याचं भान नसतं. समोरच्या शाळेत दहावीचं केंद्र असतं. पोरं पॅड छातीशी धरून आत जातात आणि आईबाप फाटकाबाहेर सावली शोधत उभे राहतात. मी कधी तशी परीक्षा दिली नाही, तरी त्यांच्याकडे बघून मलाही भीती वाटते.

ह्याच दिवसांत आमचा उपवासकाळ येतो, ईस्टरच्या आधीचा. रोज संध्याकाळी चर्चच्या मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा असते. जाजम, मधोमध पाळकसाहेबांची खुर्ची, सभा संपल्यावर कोरा चहा. मी जाते, पण दाराजवळ बसते. कुणाचाही फोन वाजला की मी उठून बाहेर जाते, आणि इतकी वर्षं झाली तरी ते गेलेलं नाही.

ज्या फोनपासून हे सुरू झालं तोही याच दिवसांत, उन्हाच्या वेळी आला होता. माझे यजमान, शमुवेल, एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. लग्न झालं, आणि गावाकडे काम नाही म्हणून आम्ही इथे आलो. भट्टीतल्या वितळलेल्या लोखंडाला ते रस म्हणत. संध्याकाळी पाय पसरून बसले की मला सांगत, साच्यात जरा जरी ओल राहिली तरी रस उसळतो, दूध उतू जावं तसा. हसत हसत सांगायचे. मला ते उतू गेलेलं दूधच दिसायचं, दुसरं काही दिसत नव्हतं. त्या दिवशी कुठल्याशा साच्यात ओल राहिली होती.

जळालेल्या माणसांच्या वॉर्डाबद्दल मी फार लिहिणार नाही. तिथे मच्छरदाण्या असतात, दिवसासुद्धा. पट्टी बदलायची वेळ झाली की नातेवाइकांना बाहेर काढतात, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून आतलं ऐकायचं. मी कानांवर पदर दाबून धरायचे आणि लहानपणी आईने शिकवलेल्या प्रार्थना म्हणायचे. आमच्या घरात संध्याकाळी कंदिलाभोवती बसून म्हणत असू त्या. प्रभू मेंढपाळ आहे, तो सोडत नाही, हे मला पाढ्यांसारखं पाठ होतं. पाढे पाठ असले तर हिशेब चुकत नाही असं आम्हाला शिकवलेलं. मी म्हणत राहिले.

पहिल्या रविवारी एक प्रार्थनेची मंडळी वॉर्डात आली. आमच्या चर्चची नव्हे, दुसरीच; कुणा पेशंटसाठी आली होती, गळ्यातला माझा क्रूस बघून माझ्याकडे वळली. त्यांचे पुढारी, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, ते चांगले होते, खोटं कशाला सांगू. त्यांनी मच्छरदाणीबाहेर उभं राहून, घामाघूम होईपर्यंत प्रार्थना केली. मग मला म्हणाले, बहिणी, आता विश्वासाने साक्ष दे. बरा होईल म्हणायचं नाही, बरा झाला म्हणायचं. होण्याआधी म्हणायचं, तोच विश्वास. मी म्हटलं. सगळ्या वॉर्डासमोर मोठ्याने म्हटलं, माझा नवरा बरा झाला आहे, देवाचे उपकार. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याची सून माझ्याकडे बघत राहिली. मला त्या रात्री बाकावरसुद्धा झोप लागली.

दुसऱ्या दिवसापासून ताप चढायला लागला. डॉक्टर म्हणाले, जंतू शिरलेत. ते भाऊ परत आले तेव्हा मी रडत सगळं सांगितलं. ते अगदी मायेने म्हणाले, "बहिणी, तुझ्या मनात कुठेतरी संशय राहिलाय. तो शोध."

मी शोधायला लागले. ही गोष्ट मी कधी कुणाला नीट सांगू शकले नाही. माणूस हरवलेली चावी शोधतो तशी मी स्वतःच्या मनात फिरत होते. चहा आणायला खाली गेले तेव्हा जिन्यात वाटलं होतं, यातून कुणी उठत नाही. तोच का तो संशय? पट्टीच्या वेळी आतून आवाज आला तेव्हा मी म्हणाले होते, देवा, आता सोडव त्यांना. सोडव म्हणजे काय म्हणाले होते मी? एक ओल राहिली साच्यात म्हणून रस उसळला, आणि एक ओल माझ्या विश्वासात राहिली म्हणून ताप चढला, असं ते माझ्या डोक्यात जुळून बसलं. मी जेवायची थांबले. डोळे मिटायची भीती वाटायला लागली. मिटले की संशय यायचा. देवाकडे बघणं म्हणजे केंद्रावरच्या मास्तरांकडे बघण्यासारखं झालं, की आता हे माझ्याच बाकापाशी येऊन थांबणार.

चर्चमध्ये नुसत्या तोंडओळखीच्या एस्तेरआक्का तेव्हा आल्या. त्यांचा एक नेम होता, अलीकडे पाय चालेनात तोवर त्यांनी तो पाळला. उपवासकाळात दुपारचं जेवण त्या स्वतःसाठी करायच्या तसंच करायच्या, भाकरी, एखादी भाजी, कांदा, चटणी, आणि ते डब्यात भरून सरकारी दवाखान्यात आणायच्या. जो भुकेला दिसेल त्याला द्यायच्या. जेवायच्या स्वतः नाहीत. सगळ्या वॉर्डांना त्या माहीत होत्या. शिपाई म्हणायचा, आक्का, आज काय बेत? त्या म्हणायच्या, तुझ्यासाठनं न्हाय, तू लई खातोस.

माझ्यासमोर डबा उघडून त्यांनी विचारलं, पावणं कसं हायती? कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात हे मला कळायला लागलं होतं, तरी मच्छरदाणीतल्या त्या देहाला कुणी पाहुणा म्हटलेलं ऐकून मला कसंतरी झालं. मी डबा बाजूला सारला. म्हटलं, माझा उपास आहे, मला प्रार्थना करायची आहे आणि ती होत नाही. मग काय झालं कुणास ठाऊक, साक्ष, संशय, जिना, सगळं त्यांच्यासमोर बाहेर पडलं. मी विचारलं, माझ्यामुळे जातील का हो ते?

आक्कांनी भाकरीचा तुकडा मोडला, भाजीत बुडवला आणि माझ्या हातात ठेवला.

"त्येचा जीव तुझ्या मनाला टांगलेला न्हाय, पोरी," त्या म्हणाल्या. "तू भ्यालीस म्हणून पडत न्हाय आणि तू धरलंस म्हणून ऱ्हात न्हाय. नवरा असा पडल्यावर बाई भिणारच की. ते बघून कागद तपासत बसणारा देव असंल, तर मला बी नको त्यो."

मी घाबरून इकडेतिकडे बघितलं. चर्चमधली बाई असं बोलते? त्या पुढे म्हणाल्या, प्रार्थना होत नसली तर करू नकोस, तुझ्या वाटची मी करतो, तू जेव. मी विचारलं, ते बरे होतील का? त्या म्हणाल्या, "मला ठावं न्हाय." त्या सगळ्या दिवसांत ज्यांनी ज्यांनी मला धीर दिला त्यांत ठावं नाही म्हणणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्या उत्तराने मला घास गिळता आला. का ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

त्या रोज यायच्या. मी जेवायची, त्या शेजारी बसून ओठ हलवायच्या. माझ्या बोलण्याची चेष्टा करायच्या. मी अगं माय म्हटलं की म्हणायच्या, आली बघा जालन्याची माय. एकदा त्यांना बसल्या बसल्या डुलकी लागली आणि तोंड तसंच हलत राहिलं. मला हसू आलं. त्या बाकावर मी हसले, आणि लगेच भीती वाटली की हसले म्हणून काही होईल. काही झालं नाही. ताप तेवढाच राहिला.

शमुवेल गेले ते ईस्टरच्या आधीच्या, दुःखसहनाच्या आठवड्यात, भर दुपारी. ज्योतिबाची चैत्रातली यात्रा आणि आमचा हा आठवडा पुष्कळदा एकाच चांदण्यात येतात. खाली रस्त्यावरून डोंगराकडे निघालेल्या गाड्या चालल्या होत्या, चांगभलंचा गजर खिडकीतून वर येत होता, आणि सिस्टरबाई मच्छरदाणीची दोरी सोडत होत्या. मी प्रार्थना केली नाही. खरं लिहायचं ठरवलंय म्हणून लिहिते, त्या वेळी माझ्या मनात देव नव्हताच. रागसुद्धा नव्हता. ज्या खोलीत कायम दिवा असायचा तिथे हात फिरवला आणि बटणच लागलं नाही, तसं काहीतरी.

सासऱ्यांचा फोन आला, गावाकडे आणा. डॉक्टर म्हणाले, देहाची अवस्था आणि हे ऊन बघता एवढा प्रवास नको, इथेच काय ते उरका. सासरे फोनवर म्हणाले, तिथं कोण आहे आपलं? ते आणि दीर गाडी करून निघाले.

शवपेटी नेताना मंगळवार पेठेच्या पुढे आमची गाडी यात्रेकरूंच्या गर्दीत अडकली. पोरं गुलाल उधळत होती. आमच्या गाडीवरचा क्रूस बघितल्यावर कुणीतरी ओरडलं, मयत हाय, वाट सोडा, आणि गजर थांबला. एका दाढीवाल्या माणसाने रस्त्यात उभं राहून गाड्या मागे घेतल्या. गुलाल मात्र हवेत होताच, तो पेटीवरच्या पांढऱ्या कापडावर उतरला. दीर झटकायला गेले. आक्का म्हणाल्या, राहू दे, लोकांनी वाट दिलीया.

आमचं कबरस्तान लहान आहे. जुन्या घराण्यांच्या जागा ठरलेल्या, नवरा-बायको शेजारी शेजारी, त्यांच्या पायथ्याशी मुलं. बाहेरून आलेल्या माणसाला मागच्या भिंतीकडची जागा मिळते. तिथे नाला आहे. पावसाळ्यात पाणी भिंतीच्या आत येतं, त्याची खूण भिंतीवर दिसत होती, माझ्या गुडघ्याच्याही वर. तिथेच खड्डा खणायला घेतला होता. मी त्या खुणेकडे बघत उभी राहिले. आगीत गेलेला माणूस आता दर वर्षी पाण्यात पडणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सासऱ्यांनीही ती खूण बघितली. परक्या गावात ते काय बोलणार. फक्त खाली वाकून मूठभर माती उचलली, चोळून बघितली आणि टाकून दिली.

आक्कांनी ते बघितलं. त्या तशाच चालत पुढच्या बाजूला गेल्या, त्यांच्या यजमानांच्या कबरेपाशी. शेजारी त्यांची स्वतःची जागा, विटांनी आखून घेतलेली, दर वर्षी ईस्टरच्या आधी यजमानांच्या कबरेला चुना द्यायच्या तेव्हा त्या विटांनाही द्यायच्या. तिथे उभ्या राहून त्यांनी खणणाऱ्यांना हाक मारली, हितं या.

मंडळीचे सेक्रेटरी पळत गेले. गृहस्थ वाईट नव्हते, त्यांच्यावर सगळ्यांची जबाबदारी. म्हणाले, "आक्का, ती तुमची जागा. दादांच्या शेजारची. उद्या तुम्हाला कुठं ठेवायचं आम्ही?"

"उद्याचं उद्या बघा," आक्का म्हणाल्या. "पावणा घरात आला तर त्येला आपली गादी देतोय न्हवं आपण? का भिताडाकडंला झोपवतोय?"

सेक्रेटरी पाळकसाहेबांकडे बघायला लागले. पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक मिटलं आणि खणणाऱ्यांना मान हलवून खूण केली. माझे सासरे, ज्यांनी कधी कुणा बाईसमोर टोपी काढली नव्हती, ते टोपी हातात घेऊन आक्कांसमोर उभे राहिले. आक्का म्हणाल्या, उन्हात उघड्या डोक्यानं उभारू नका, घाला ती.

त्या दिवशी माझा विश्वास परत आला असं मी लिहिलं तर ते चांगलं वाटेल, पण तसं झालं नाही. उलट परतताना मला आक्कांचा राग आला होता. असं सहज कसं दिलं? त्यांना देवाची इतकी खात्री, म्हणून मातीची किंमत नाही. मला कसलीच खात्री नाही, म्हणून मी भिंतीवरची खूण बघत उभी. मी त्यांना रिक्षात विचारलंसुद्धा, तुम्हाला काही वाटलं नाही का? त्या चपलेतली माती झटकत होत्या. म्हणाल्या, "उठायच्या दिवशी चार पावलं हिकडं काय न् तिकडं काय. आमचं म्हातारं हाक मारंल की, मला ऐकू येतंय."

ईस्टरला पहाटे सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जाते. मी गेले नाही. ऊन वर आल्यावर, सगळे परतले असतील अशा बेताने एकटीच गेले. फाटक उघडं होतं. आक्का तिथेच होत्या, माझ्याकडे पाठ करून, यजमानांच्या कबरेच्या कडेवर बसलेल्या. शेजारी शमुवेलची ओली माती, वर विझलेल्या मेणबत्त्या. त्या बोलत होत्या. मला वाटलं प्रार्थना चाललीय. जवळ गेले तेव्हा शब्द कळले.

"रागावलासा व्हय?" त्या यजमानांना विचारत होत्या. "मला ठावं हाय, तुमाला माझी वाट बघायची सवय. पर त्यो पोरगा एकला हुता वो. मला बी लई जड गेलं. रातभर डोळ्याला डोळा न्हाय. आता मी कुठं येणार, मला बी ठावं न्हाय. देवाला इचारलंया. त्यो गप हाय."

आणि त्या रडल्या. चर्चभर ज्यांचा आवाज घुमतो त्या आक्का, तोंडात पदर कोंबून रडल्या. मी फाटकाकडे सरकले, बाहेर कडुलिंबाखाली जाऊन उभी राहिले.

त्यांना खात्री नव्हती. तिथे, त्या झाडाखाली मला हे कळलं आणि मी खाली बसले. देव त्यांच्याशीही गप्प होता. झोप त्यांनाही लागली नव्हती. तरी त्यांनी विटा काढून दिल्या होत्या. मी इतके दिवस मनातला संशय शोधत होते, तो सापडला की काढून टाकायचा आणि मग विश्वास ठेवायचा, असं धरून चालले होते. आक्कांनी संशय काढून टाकला नव्हता. तो मनात घेऊनच त्या फाटकातून आत आल्या होत्या, आणि जे द्यायचं ते दिलं होतं. मला वाटलं, एवढं मला जमेल. न भिता विश्वास ठेवणं कधी जमणार नाही, मी भित्रीच आहे, पण भीत भीत जमेल. मी तिथे बसून, त्या सगळ्या दिवसांनंतर पहिल्यांदा, देवाला नुसतं म्हटलं, मी इथे आहे. पुढे काही सुचलं नाही. वर कुणी उत्तर दिलं नाही. एका बकरीने येऊन माझ्या पिशवीत तोंड घातलं, तिला हाकललं.

मी गावाकडे गेले नाही. सासऱ्यांनी फार सांगितलं. पण माझा माणूस इथे पुरलेला, आणि त्याने जिची जागा घेतली ती बाई इथे एकटी. वसतिगृहातलं काम पाळकबाईंनी लावून दिलं. माझा देव आधीपेक्षा लहान झालाय का मोठा, हे मला सांगता येत नाही. आधी मी त्याला फार काही मागायची. आता संध्याकाळी भाकऱ्या झाल्या, तवा उतरवला, की जरा वेळ ओट्याला टेकून उभी राहते. कधी तो असल्यासारखं वाटतं. पुष्कळदा नाही वाटत. तरी उभी राहते.

आक्कांनी यंदा खाट धरलीय. थंडीत न्हाणीत घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं, आता उठवून बसवावं लागतं. दुपारी मी त्यांच्याकडे जाते. आपल्याला भिंतीकडेच ठेवणार हे त्यांनी मानून घेतलंय. त्याबद्दल कधी शब्द काढत नाहीत. पण परवा पाऊस कधी लागतोय म्हणून विचारलं, आणि चिंचेकडे बघत राहिल्या. मला भिंतीवरची ती पाण्याची खूण आठवली, कळलं काय विचारतायत ते.

मी तशीच सेक्रेटरींच्या घरी गेले. आमच्यात एक रीत आहे. जागा कमी, म्हणून ठरावीक मुदत भरली की घरच्याच माणसासाठी जुनी कबर उघडता येते. आधीच्याच्या अस्थी कापडात गोळा करून एका अंगाला ठेवतात आणि नव्या माणसाला तिथेच माती देतात. मी म्हटलं, शमुवेलची कबर आक्कांसाठी उघडायची, ती त्यांच्या यजमानांच्या शेजारीच आहे. ते म्हणाले, घरचं माणूस लागतं, नात्यातलं. मी म्हटलं, मग नातं लिहून घ्या, माझी आई. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, हे होईल, पण मुदत भरायला अजून थोडा काळ आहे बाई, त्याआधी माती हलवता येत नाही.

आक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हंजे तुझ्या नवऱ्याची मुदत भरंस्तवर मी हितं वाट बघत पडू व्हय?"

मी म्हटलं, पडायचं. तोवर जाता येणार नाही.

"लई जुलमी हायस गं तू," त्या म्हणाल्या आणि तोंड भिंतीकडे वळवलं. खांदे हलत होते. हसत होत्या का रडत होत्या, मी विचारलं नाही.

आता रोज रात्री मी त्या मुदतीसाठी प्रार्थना करते. माझा जीव त्यात आहे. मोडलेलं हाड, वय, येणारा उन्हाळा, सगळं मला दिसतं आणि भीती वाटते. पण आक्का, हे तुमच्यासाठी इथे लिहून ठेवते. तो दिवस यायचाच, मुदत भरून यावा एवढंच मागते. त्या दिवशी मी स्वतः त्या खड्ड्याशी उभी राहीन, दुसऱ्या कुणाच्या हातात कापड देणार नाही. माझ्या माणसाला माझ्या हातांनी गोळा करीन, कडेला ठेवीन आणि सांगेन, अहो, जरा सरका, आक्का आल्यात.